मागेल त्याला काम : वि. स. पागे

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी मला चार ओळी लिहायला सांगितल्या. संतांची चरित्रं लिहिणारे जाणते पुष्कळ आहेत. मी एका आमदाराचं चरित्र लिहितो. नाव विठ्ठल सखाराम पागे.

पागेसाहेबांचा जन्म १९१० सालचा. शिक्षणानं वकील. स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. संतवाङ्मयाचा त्यांचा अभ्यास मोठा होता. १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्याच साली ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत राहिले. अठरा वर्षं! मुख्यमंत्री बदलले, ही खुर्ची बदलली नाही. सभापतीनं दोन्ही बाजूंचं ऐकायचं, स्वतः वादात पडायचं नाही. आपल्या दिंडीतला वीणेकरी जसा जागा सोडत नाही, तसंच ते.

पण खुर्चीत बसून त्यांचं ध्यान होतं बिनकामाच्या मजुरावर. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली त्यांच्या कल्पनेतून प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं. बांधबंदिस्ती, नाला, रस्ता, जे गावाला उरेल ते करायचं. १९७२ ला योजना राज्याला लागू झाली, अन् त्याच साली मोठा दुष्काळ पडला.

तो दुष्काळ मी पाहिलाय. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, मी पाटी उचलायचो. सुकडी मिळायची, मिलोची लाल भाकरी खायची. काम होतं म्हणून घर जगलं. आईनं कुणापुढं हात पसरला नाही, हे मला आजही मोठं वाटतं.

दुष्काळी काम सरकारच्या मर्जीचं. पागेसाहेबांनी ते हक्काचं केलं. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता द्यायचा. पैसा कुठला? पगारदारांकडून, धंदेवाल्यांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. पुण्यात भवानी पेठेत माउलींची पालखी उतरते तेव्हा शहर आपल्याला जेवू घालतं, ते सगळे बघतात. पण याच पुण्याच्या पगारातून खेड्यातल्या माणसाची चूल पेटली, हे कुणाच्या ध्यानात नसतं.

१९९० साली पागेसाहेब गेले. २००५ ला दिल्लीनं साऱ्या देशासाठी तसाच कायदा केला, घरटी वर्षाला शंभर दिवसांचा.

आता खंत सांगतो. आमच्या गावात मागूनही काम वेळेवर मिळालं नाही, असं झालंय. लोक तोंडी मागतात आणि गप्प बसतात. माउलींनो, अर्ज लिहून द्या, तारखेची पोच घ्या. पोच नसली तर भत्ता कशावर मागणार? अन्नदान आपण करतोच, ते करावं. पण दुसऱ्याच्या हाताला काम मिळवून देणं हीसुद्धा पांडुरंगाचीच सेवा. ती पागेसाहेबांनी आयुष्यभर केली.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.