विश्लेषण : नोटेचा क्रमांक की किंमत? ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी उलगडलेला पेच

जावा या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड संगणकभाषेत ‘व्हॅल्यू टाइप’ आणण्यासाठी २०१४ पासून ‘प्रोजेक्ट व्हॅल्हाला’ सुरू आहे. पण या प्रयत्नांमागचा मूळ प्रश्न ख्रिस्तोफर स्ट्रेची या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच नेमका मांडला होता.

प्रश्न काय आहे?

शंभराच्या दोन नोटांचे क्रमांक वेगळे असतात, पण दुकानदाराला त्यांची किंमत सारखीच. जावातील ऑब्जेक्ट मात्र क्रमांकासारखी स्वतंत्र ओळख बाळगतो. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नव्हे, त्याच्यापर्यंत नेणारा निर्देश असतो. लाखो छोटे ऑब्जेक्ट असले की या निर्देशांमागे धावण्यात वेळ आणि मेमरी दोन्ही खर्च होतात. व्हॅल्यू टाइपला अशी ओळख नसते, असते ती फक्त किंमत.

स्ट्रेची कोण होते?

जन्म लंडनमधला, १९१६ चा. आई रे स्ट्रेची स्त्रीमताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या, तर वडील ऑलिव्हर सांकेतिक लिपी उलगडणारे. केंब्रिजमध्ये शिकताना स्ट्रेची मानसिकदृष्ट्या खचले. पदवीही सामान्य श्रेणीतच मिळाली. पुढे ते शाळामास्तर झाले. हॅरो शाळेत शिकवत असतानाच १९५१ मध्ये त्यांनी संगणकासाठी ड्राफ्ट्स या पटावरील खेळाचा प्रोग्राम लिहायला घेतला. १९५२ मध्ये तो मँचेस्टरच्या संगणकावर चालला आणि मास्तरांची वाट बदलली.

त्यांचे योगदान कोणते?

साठच्या दशकात ‘सीपीएल’ या भाषेच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. ती पूर्णत्वाला गेली नाही, पण तिच्याच वंशात पुढे ‘सी’ जन्मली. १९६५ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डमध्ये प्रोग्रामिंग संशोधन गट उभारला. १९६७ मध्ये कोपनहेगनमधील व्याख्यानांत त्यांनी ‘एल-व्हॅल्यू’ म्हणजे मूल्य ठेवण्याची जागा आणि ‘आर-व्हॅल्यू’ म्हणजे तिथले मूल्य, हा भेद उलगडून दाखवला. दोन नावे एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर एकाद्वारे केलेला बदल दुसऱ्यालाही दिसतो, हे त्यांनी स्पष्ट केले. आजही कित्येक प्रोग्राम याच ठिकाणी चुकतात.

मग ते विस्मृतीत का गेले?

ते छापायला फारसे देत नसत. ही व्याख्याने हस्तलिखिताच्या प्रतींतूनच हातोहात फिरली. ती रीतसर छापून आली २००० मध्ये. तोवर स्ट्रेची जाऊन २५ वर्षे झाली होती. १९७५ मध्ये काविळीच्या आजाराने वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर २० वर्षांनी आलेली जावा त्यांनी पाहिली नाही. पण तिला आज जो भेद करायचा आहे, त्याची नावे त्यांनी रुळवली आहेत.