रॉबर्ट मोग

रॉबर्ट आर्थर मोग (जन्म : २३ मे १९३४, न्यू यॉर्क, मृत्यू : २१ ऑगस्ट २००५, ॲशव्हिल, नॉर्थ कॅरोलिना) हे अमेरिकन अभियंते व ॲनालॉग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे आद्य निर्माते होते. काही मोजक्या स्टुडिओंपुरते मर्यादित असलेले हे यंत्र एकट्या वादकाला दुकानातून निवडून घरी नेता येईल अशा वाद्यात रूपांतरित झाले, ते प्रामुख्याने त्यांच्या कार्यामुळे.

बालपण आणि शिक्षण
मोग यांचे वडील वीज कंपनीत अभियंता होते. आईच्या इच्छेनुसार मोग यांनी लहानपणी पियानोचे धडे घेतले. मात्र वडिलांच्या कार्यशाळेत त्यांचे मन अधिक रमे. हाताचा स्पर्श न होता वाजणारे थेरमिन हे वाद्य त्यांनी शालेय वयातच तयार केले. १९५४ मध्ये वडिलांसह आर. ए. मोग कंपनी स्थापन करून ते थेरमिन विकू लागले. १९६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी अभियांत्रिकी भौतिकी या विषयात पीएच.डी. मिळवली.

मोग सिंथेसायझर
१९६३ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्याशी त्यांची ओळख झाली. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत रचण्यासाठी ध्वनिफितींचे तुकडे कापून जोडावे लागत. डॉइच यांच्या गरजा समजून घेत मोग यांनी १९६४ मध्ये स्वतंत्र घटकांचा संच तयार केला. ऑसिलेटर मूळ ध्वनी निर्माण करतो, फिल्टर त्यातील नको असलेल्या कंप्रता वगळतो आणि ॲम्प्लिफायर त्याची तीव्रता ठरवतो. या सर्वांचे नियंत्रण विद्युतदाबाने होत असे. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढे. डॉन बुक्ला यांनी त्याच सुमारास कॅलिफोर्नियात केलेल्या यंत्रात नेहमीचा कीबोर्ड नव्हता. मोग यांच्या यंत्रात मात्र परिचित काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या. मोग यांच्या ट्रान्झिस्टर फिल्टरला १९६९ मध्ये पेटंट मिळाले.

वेंडी कार्लोस यांच्या १९६८ मधील ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेने हे वाद्य घरोघरी पोहोचवले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील स्टुडिओतही मोग यंत्रणा बसवण्यात आली.

मिनीमोग
मूळ संच महागडा व अवजड होता. शिवाय प्रत्येक ध्वनीसाठी घटक तारांनी जोडावे लागत, त्यामुळे नवख्या वादकाची भंबेरी उडे. या अडचणींवर १९७० मधील मिनीमोग हा उपाय ठरला. त्याचा पहिला नमुना कंपनीतील अभियंते बिल हेमसाथ यांनी बनवला. यात घटकांची जोडणी आतूनच केलेली होती. तीन ऑसिलेटर, मिक्सर, फिल्टर व ॲम्प्लिफायर हे डावीकडून उजवीकडे ध्वनीच्या प्रवासाच्या क्रमाने मांडलेले असल्याने पटलाकडे पाहूनच ध्वनीची घडण उमगे. एका वेळी एकच स्वर निघे आणि ध्वनिरचना साठवण्याची सोय नव्हती. त्यामुळे हवा तो ध्वनी प्रत्येक वेळी बटणे फिरवून नव्याने साधावा लागे. नवशिक्यासाठी हीच मर्यादा शिकवणीसारखी ठरे. पहिले ॲनालॉग सिंथेसायझर निवडताना आजही पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे आतील तयार जोडणी, प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र बटण आणि सुबोध मांडणी, या वाद्यात एकत्र आल्या होत्या.

नावाचा लढा
कीर्ती मिळूनही कंपनी कर्जबाजारी झाली. १९७१ मध्ये मोग यांना तिच्यावरील मालकी सोडावी लागली. १९७३ मध्ये ती नॉर्लिन कंपनीकडे गेली आणि १९७७ मध्ये मोग तेथून बाहेर पडले. स्वतःचे आडनाव वाद्यांवर घालण्याचा हक्कही त्यांच्याकडे उरला नाही. १९७८ मध्ये ‘बिग ब्रायर’ या नावाने त्यांनी नवी कंपनी काढली व तिच्यामार्फत थेरमिन आणि इतर वाद्ये बनवली. १९८० च्या दशकात डिजिटल वाद्यांपुढे ॲनालॉग सिंथेसायझर मागे पडले. मिनीमोगचे उत्पादन १९८१ मध्येच थांबले होते. पुढे त्यांच्या ध्वनीची ओढ पुन्हा वाढली. २००२ मध्ये मोग यांनी ‘मोग म्युझिक’ हे नाव परत मिळवले आणि मिनीमोग व्हॉयेजर हे नवे वाद्य बाजारात आणले.

सन्मान आणि मृत्यू
त्यांना २००१ मध्ये पोलार संगीत पुरस्कार व २००२ मध्ये तांत्रिक कार्यासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मेंदूतील गाठीच्या आजाराने वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांच्या कंपनीने मूळ मिनीमोगची नवी आवृत्ती तयार केली.