कॅमेऱ्यापुढे पुन्हा नूतन

परवा आमच्या शिरोळमध्ये बचत गटाच्या बैठकीला एक मैत्रीण बऱ्याच महिन्यांनी आली. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेत. शिवणकाम पुन्हा सुरू करायचंय, पण घरच्यांचं एकच, आता आराम कर. तिचा पडलेला चेहरा बघून मला माझ्या आईची लाडकी नूतन आठवली.

नूतन म्हणजे शोभना समर्थांची थोरली लेक, जन्म ४ जून १९३६. आईनंच दिग्दर्शित केलेल्या ‘हमारी बेटी’मधून १९५० साली ती पडद्यावर आली. पुढे ‘सीमा’, ‘सुजाता’ गाजले. १९५९ मध्ये नौदलातल्या रजनीश बहल यांच्याशी लग्न झालं. संसारात रमायचं असं तिनं ठरवलं होतं, पण बिमल रॉय यांनी आग्रह धरला आणि ‘बंदिनी’ (१९६३) झाला. चाळिशीनंतर नायिकेला कोण विचारतं? पण ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) साठी तिनं पाचव्यांदा उत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळवलं.

१९९० मध्ये तिला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. त्या काळी या आजाराचं नावही आपल्याकडे कुजबुजत घेत. नूतननं काम मात्र सोडलं नाही. ‘गर्जना’ आणि ‘इन्सानियत’चं चित्रीकरण सुरू असतानाच ती रुग्णालयात गेली, आणि २१ फेब्रुवारी १९९१ रोजी, ५४व्या वर्षी, आपल्यातून गेली. ‘नसीबवाला’ आणि ‘इन्सानियत’ तिच्या मागे पडद्यावर आले.

कामानं कॅन्सर बरा होतो असं मी मुळीच म्हणणार नाही. नूतन वाचली नाहीच. पण आजारी बाई म्हणून कोपऱ्यात न बसता ती शेवटपर्यंत अभिनेत्रीच राहिली, हे मला मोठं वाटतं. आज लवकर निदान झालं तर बरं होण्याची आशा खूपच जास्त आहे. म्हणून सांगते, गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका, लगेच दाखवा. आणि काम करायचं की विश्रांती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून त्या बाईनंच ठरवावं.

आमच्या मैत्रिणीनं डॉक्टरांना विचारलं. आता रोज दोनच ब्लाउज शिवते. कापडाचे गठ्ठे आम्ही पोचवतो. काल तिनं आपल्या हातानं पहिली पावती फाडली.