दिवसाचा कारभारी

१८०६ सालच्या जून महिन्यात विल्यम कॅरी यांनी कलकत्त्याहून इंग्लंडमधील एका धर्मबंधूला पत्र पाठविले. आपल्याकडून पत्रे कमी का जातात याचा खुलासा म्हणून त्यांनी त्या दिवसाचा हिशेबच त्यात मांडला. पावणेसहाला उठणे, हिब्रू शास्त्रातील अध्याय आणि सात वाजेपर्यंत एकांतातील प्रार्थना. मग नोकरांसह बंगालीत उपासना. चहा तयार होईपर्यंत मुनशीबरोबर फारसी, न्याहारीपूर्वी थोडी हिंदुस्थानी आणि त्यानंतर दहापर्यंत पंडिताच्या साहाय्याने संस्कृत रामायणाचे भाषांतर. दुपारी दोनच्या सुमारापर्यंत फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापन. परतल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची मुद्रिते, भोजनानंतर मत्तयाच्या शुभवर्तमानातील अध्याय संस्कृतात उतरविणे, सायंकाळी तेलुगू पंडितापाशी ती भाषा शिकणे, साडेसातला प्रवचन आणि मंडळी पांगल्यावर रात्री अकराच्या सुमारापर्यंत यहेज्केलाचे बंगाली भाषांतर. निजण्यापूर्वी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय राहिलेला असेच.

या हिशेबात बढाईचा सूर नाही. ऋणकोने सावकारापुढे वही उघडावी तसे ते पत्र आहे. ख्रिस्ती श्रद्धेत काळ हा माणसाच्या मालकीचा नसतो. दूरदेशी निघालेल्या धन्याने दासांच्या हाती सोपविलेल्या द्रव्यासारखी ती ठेव असते आणि परतल्यावर धनी तिचा हिशेब मागतो. माणूस हा केवळ कारभारी. ही कल्पना प्रवचनांतून पुष्कळ ऐकू येते. घड्याळाच्या काट्यावर ती उतरविणारी माणसे मात्र थोडी.

नॉर्थॅम्पटनशायरमधील एका खेड्यात १७६१ साली विणकराच्या घरी जन्मलेला हा मुलगा चांभाराकडे उमेदवारीला लागला. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांशी त्याची ओळख झाली ती कातडे शिवता शिवता. स्वतःला असामान्य बुद्धी आहे असे त्यांनी कधी मानले नाही. आपल्याला नेटाने चालत राहता येते, एवढाच गुण ते स्वतःकडे घेत. १७९३ साली ते बंगालमध्ये उतरले, मदनावतीच्या नीळ कारखान्यावर काही वर्षे काढली आणि १८०० च्या आरंभी डेन्मार्कच्या अंमलाखालील श्रीरामपुरास स्थायिक झाले. पुढे कॉलेजातून मिळणारे वेतन ते स्वतःपुरते थोडके ठेवून मिशनच्या सामाईक तिजोरीत भरीत.

या दिनक्रमाचे एक फळ मराठीच्या पदरात पडले आहे. कॅरी महाराष्ट्रात कधी आले नाहीत. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर असताना हुगळीच्या काठी बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मोडी लिपीतील कोश. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश ही श्रीरामपूरची मराठी पुस्तके त्यानंतरची. त्यांतील मराठी वाचून आज हसू येईल, पण मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्याला तेथूनच वाट काढावी लागते.

तथापि ही वही एकाच बाजूने वाचणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठी संसारात ‘कारभारी’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे आणि त्या अर्थी कॅरींचा हिशेब जुळत नाही. विवाहाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली काढणारी डॉरोथी नाखुशीनेच हिंदुस्थानात आली होती. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर दगावला आणि तिच्या मनाचा तोल ढळला तो कायमचा. नवऱ्यावर ती नाही नाही ते आरोप करी, कधी अंगावर धावून जाई. तिला खोलीत कोंडून ठेवावे लागे. तिचा आक्रोश ऐकू येत असताना शेजारी भाषांतर चालू राही. तिला कलकत्त्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्यास कॅरी यांनी नकार दिला, हेही खरे. १८०७ च्या डिसेंबरात ती वारली. मुलांना वळण लावले ते मुख्यतः सहकारी मार्शमन यांची पत्नी हॅना आणि मुद्रक वॉर्ड यांनी. १८०६ च्या त्या पत्रातील दिवसात डॉरोथीसाठी वेगळी घटका नाही, मुलांसाठीही नाही. त्या काळच्या वैद्यकापाशी तिच्या दुखण्यावर उपाय नव्हता, हे समर्थन पुरेसे आहे असे वाटत नाही. मुलांना तर कोणतेच दुखणे नव्हते.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होते. अनेक भाषांचा एकत्रित कोश करण्यासाठी जमविलेले साहित्य, रामायणाच्या भाषांतराचा भाग, तेलुगू व पंजाबी व्याकरणांची हस्तलिखिते जळाली. वर्षानुवर्षांच्या त्या पहाटा आणि रात्री एका रात्रीत राख झाल्या. छापयंत्रे व अक्षरांचे ठसे वाचले होते. वितळलेल्या धातूतून नवे खिळे ओतून काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा लवकर सरते, या हिशेबाने कॅरी व्याकरणांना नव्याने लागले. बहुभाषी कोश मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

ठरल्या वेळी ठरले काम हा नियम त्यांनी मोडला असा एक रविवार सुप्रसिद्ध आहे. ४ डिसेंबर १८२९ रोजी बेंटिंक यांच्या सरकारने सतीबंदीचा कायदा केला आणि त्याचा मसुदा बंगालीत उतरविण्यासाठी अडुसष्ट वर्षांच्या कॅरींकडे धाडला. तो हाती आला तेव्हा ते उपासनेच्या तयारीत होते. रविवारचे पावित्र्य काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथातला हा माणूस. शिवाय सरकारी काम सोमवारी केले असते तरी कोणी बोल लावला नसता. परंतु एका दिवसाच्या विलंबात किती चिता पेटतील हे त्यांना ठाऊक होते. तीस वर्षांपूर्वी एक सहगमन त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि ते थांबविण्याची त्यांची धडपड व्यर्थ गेली होती. प्रवचनाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून ते पंडिताला घेऊन बसले. संध्याकाळी भाषांतर पुरे झाले होते.