हेडली व्हेरिटी

क्रिकेटच्या मैदानाच्या मध्यभागी २२ यार्ड लांबीची जी पट्टी असते, तिला खेळपट्टी म्हणतात. आता कसोटी सामन्यात पाऊस येताच ती झाकतात. पूर्वी इंग्लंडात सामना सुरू झाला की ती बहुधा उघडीच राही; तिच्यावर पाऊस पडे, ऊन पडे आणि त्याप्रमाणे खेळाचे पारडे फिरे. त्या काळच्या फिरकी गोलंदाजांत हेडली व्हेरिटी याचे स्थान फार वरचे आहे.

व्हेरिटीचा जन्म १८ मे १९०५ रोजी यॉर्कशायर परगण्यातील लीड्स शहरी झाला. यॉर्कशायरच्या संघात तेव्हा विल्फ्रेड ऱ्होड्स हा नामांकित डावखुरा फिरकी गोलंदाज होता. तो निवृत्त होईपर्यंत त्याच पद्धतीच्या दुसऱ्या गोलंदाजाला तेथे जागा नव्हती. व्हेरिटी शेजारच्या लँकेशायरमधील लहान संघांतून खेळत राहिला, आणि त्याच काळात त्याने मध्यमगती गोलंदाजी सोडून फिरकीची कास धरली. संधी मिळाली ती १९३० साली, वयाच्या २५ व्या वर्षी. दोनच वर्षांनी, पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर, त्याने नॉटिंगहॅमशायरचे १० गडी अवघ्या १० धावांत बाद केले. हा विक्रम अद्याप अबाधित आहे.

परंतु पाऊस पडला म्हणजे फिरकी गोलंदाजाचे फावते, असे मात्र नाही. खेळपट्टी पुरती ओली असताना चेंडू निसरडा होतो, बोटांत ठरत नाही, आणि टप्पा पडल्यावर संथपणे पुढे येतो. त्यानंतर ऊन पडले, की वरचा थर सुकू लागतो आणि खाली ओल राहते. अशा चिकट खेळपट्टीवर चेंडू क्षणभर रुतल्यासारखा होतो, मग एकाएकी वळतो किंवा छातीपर्यंत उसळतो. उंचापुऱ्या व्हेरिटीचा चेंडू तर वरून येई. त्याची उसळी फलंदाजाला अधिकच जाचक होई.

१९३४ च्या जून महिन्यात लॉर्ड्स येथे याचा प्रत्यय आला. इंग्लंडच्या ४४० धावांना उत्तर देताना शनिवारअखेर ऑस्ट्रेलियाच्या २ बाद १९२ धावा झाल्या होत्या. रविवार सुट्टीचा होता. त्या अवधीत पाऊस झाला आणि सोमवारी खेळपट्टीचे रूप पालटले. ऑस्ट्रेलियाचा डाव २८४ धावांत संपला. आणखी ७ धावा झाल्या असत्या तर त्यांना लगेच पुन्हा खेळावे लागले नसते! दुसऱ्या डावात सारा संघ ११८ धावांत गारद झाला. बलाढ्य ब्रॅडमन दोन्ही डावांत व्हेरिटीलाच बळी पडला. त्या एका दिवसात व्हेरिटीने १४ गडी टिपले, आणि इंग्लंडने एक डाव व ३८ धावांनी विजय मिळवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासच्या कसोटीत त्याने भारताचेही ११ गडी बाद केले होते.

पण तोच पाऊस त्याच्यावर उलटलाही. १९३९ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे निकाल लागेपर्यंत खेळावयाची कसोटी मांडली गेली. दिवसामागून दिवस गेले, तरी खेळपट्टी झिजेना. मधूनमधून पाऊस येई, तिच्यावर रूळ फिरे आणि ती पुन्हा नव्यासारखी टणक होई. व्हेरिटीने ७६६ चेंडू टाकले. गडी मिळाले केवळ ४. तरीही त्याच्या चेंडूंचा टप्पा आणि दिशा ढळली नाही. शेवटी बोटीची वेळ झाली म्हणून इंग्लंडच्या संघाला सामना अनिर्णित सोडून निघावे लागले.

१ सप्टेंबर १९३९ रोजी होव्ह येथे, पावसाळलेल्या खेळपट्टीवरच, त्याने ससेक्सचे ७ गडी ९ धावांत बाद केले. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. व्हेरिटीचा हा शेवटचा प्रथम श्रेणीचा सामना ठरला. तो सैन्यात दाखल झाला आणि कॅप्टन झाला. १९४३ च्या जुलैत सिसिली बेटावर, पेटलेल्या धान्याच्या शेतातून आपल्या तुकडीला पुढे नेत असता, त्याच्या छातीला जखम झाली. तशा स्थितीतही त्याने सैनिकांना पुढे जाण्याचाच हुकूम दिला. शत्रूने त्याला कैद करून इटलीत नेले. ३१ जुलै रोजी कासेर्ता येथे, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याचे प्राणोत्क्रमण झाले. त्याची समाधी तेथेच आहे.