नावाशेजारची चांदणी

एक ग्रॅम सोन्याच्या बांगड्या आपण हौसेनं घालतो. दुकानदारानं त्या तशाच सांगून विकलेल्या असतात, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. नक्कल करणं हा गुन्हा नाहीच मुळी, ती अस्सल म्हणून गळ्यात मारणं हा गुन्हा! जुन्या काचेच्या वस्तू जमवणाऱ्यांना तर या गुन्ह्याशी रोजच गाठ. साध्या गोट्यांपासून फुलदाण्यांपर्यंत सगळ्याच्या नकला निघतात. अशा नकला ज्याच्या नावावर भरपूर खपतात, तो फ्रान्सचा काचकलावंत एमिल गाले. त्याच्या आयुष्याबद्दल वाचताना मला त्याच्याइतकीच त्याची बायको हेन्रिएट भावली. म्हणून आज या दोघांची गोष्ट.

एमिलचा जन्म १८४६ सालचा, पूर्व फ्रान्समधल्या नान्सी शहरातला. वडिलांचा व्यापार काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचा. पण पोराचा जीव रानातल्या झाडाफुलांत. वनस्पतिशास्त्राचा त्यानं रीतसर अभ्यास केला आणि मग काच बनवायचं कामही शिकून घेतलं. १८७० मध्ये जर्मनांशी युद्ध पेटलं तेव्हा तो आपणहून सैन्यात गेला. युद्धानंतर शेजारचा अल्सास प्रांत जर्मनीकडे गेला. त्याच अल्सासमधल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी हेन्रिएट ग्रिम १८७५ मध्ये गाल्यांच्या घरात सून म्हणून आली. पुढे त्यांना चार मुली झाल्या. १८७७ मध्ये वडिलांचा व्यवसाय एमिलनं हाती घेतला.

त्याचं काम होतं तरी कसं? एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या, तिसऱ्या रंगाच्या काचेचे थर चढवायचे. मग वरचा थर कुठे चाकावर कोरून, तर कुठे ॲसिडनं खाऊन काढायचा. उरलेल्या थरातून फुलं, पानं, चतुर उमटायचे. फूल नुसतं शोभेचं नसायचं, पाकळी न् पाकळी ओळखू यावी असं असायचं. पॅरिसच्या १८८९ आणि १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनांत त्याला सर्वोच्च बक्षिसं मिळाली. १८९४ मध्ये त्यानं नान्सीत स्वतःचा काच कारखाना काढला. काही वस्तू एकुलत्या एक, खूप मेहनतीच्या. बाकीच्या ॲसिडवर झटपट होणाऱ्या, मध्यमवर्गीय घरांना परवडतील अशा. सही मात्र सगळ्यांवर गाले हीच. म्हणजे ही सही एका माणसाच्या हाताची नव्हती, तर त्याच्या नजरेखाली राबणाऱ्या अख्ख्या कारखान्याची होती, हे ध्यानात ठेवायला हवं.

आता त्याच्या स्वभावाबद्दल. १८९४ मध्ये फ्रान्सच्या सैन्यातला एक ज्यू अधिकारी, कॅप्टन ड्रायफस, देशद्रोही ठरवला गेला. पुढे १८९८ मध्ये त्याच्याविरुद्धचा एक महत्त्वाचा कागद चक्क बनावट निघाला! तरीही निम्मा देश त्याला दोषीच मानत होता. नान्सीतलं वातावरण तर फारच तापलेलं. अशा वेळी गाले पतिपत्नी उघडपणे ड्रायफसच्या बाजूनं उभी राहिली. त्यापायी गिऱ्हाइकं तुटली, ओळखीचे लोक दुरावले. गावात दुकान चालवणाऱ्या माणसाला हे केवढ्याला पडतं, ते छोट्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. ड्रायफस निर्दोष ठरला १९०६ मध्ये. ते पाहायला एमिल नव्हता. रक्ताच्या कर्करोगानं २३ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला.

कारखाना हेन्रिएटनं सांभाळला. साचे होते, कारागीर होते, नाव होतं. पुढचा माल तीच सही करून विकला असता तर कोण विचारणार होतं? पण त्यानंतरच्या काही वर्षांतल्या वस्तूंवर गाले या सहीशेजारी एक छोटीशी चांदणी दिसते. तिचा अर्थ एवढाच, की हे काम एमिलच्या माघारी झालेलं आहे. नवरा गेल्यावर व्यवसाय टिकवायची धडपड चालू असताना, तो गेला हे मालावरच नोंदवायचं! मला ही चांदणी कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठी वाटते. हेन्रिएट १९१४ मध्ये वारली. पुढे चांदणीशिवायच्या सहीनं माल निघत राहिला आणि १९३६ मध्ये कारखाना कायमचा मिटला. त्यामुळे चांदणी नाही म्हणजे वस्तू एमिलच्या हयातीतली, असा हिशेब मांडता येत नाही.

या चांदणीच्या अगदी उलटी गोष्ट अलीकडच्या नकलांची. रुमानियात गाले पद्धतीच्या फुलदाण्या, दिवे बनतात. त्यांतल्या अनेकांवर सहीजवळ टिप असा शब्द असतो, रोमन लिपीतली तीन अक्षरं. त्याचा अर्थ, त्या प्रकारचं. बनवणाऱ्यानं सरळ सांगून टाकलंय की ही नक्कल आहे. पण मधला एखादा लबाड विक्रेता ती तीन अक्षरं घासून काढतो, आणि तीच फुलदाणी शंभर वर्षांची म्हणून भरमसाट किमतीला खपते.

म्हणून जाणकार सहीवर विसंबत नाहीत, कारण नक्कल करायला सगळ्यात सोपी सहीच. ते सहीच्या आजूबाजूला बोट फिरवून पाहतात, काच कुठे घासलेली लागते का ते. मग वस्तू उलटी करून बूड बघतात. वर्षानुवर्षं उचलून ठेवल्यानं पडलेले ओरखडे बारीक, वेडेवाकडे असतात. पॉलिश पेपरनं मुद्दाम पाडलेले एकसारखे, एकाच दिशेचे दिसतात. शिवाय खऱ्या कामात पानाच्या कडेला रंग हळूहळू विरळ होत जातो. स्वस्तातल्या नकलेत तो एकदम तुटतो. आणि हे डोळ्यांत बसायचं तर अस्सल वस्तू पुष्कळ पाहायला हव्यात. त्यासाठी हौशी लोक नान्सीच्या संग्रहालयात जातात.

एकीनं खरं सांगायला एक खूण वाढवली, दुसऱ्यानं खरं लपवायला एक खूण पुसली. दोन्ही खुणा नखाएवढ्याच. मैत्रिणींनो, जुनं म्हणून काहीही घेताना नाव जरूर वाचा, पण नावाशेजारची जागा आधी नीट बघा!