सीताफळाच्या पेशीपासून स्टेम सेलपर्यंत: डॉ. कमल रणदिवे

रोह्याहून किंवा पेणहून गाडी पकडायची, पनवेलला उतरायचं आणि हार्बरच्या लोकलने तिसऱ्या स्टेशनला, म्हणजे खारघरला पोचायचं. हातात रिपोर्टची फाईल घेतलेली माणसं या रस्त्याने नेहमी दिसतात. त्यातली बरीच टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ला जातात. कॅन्सरवर संशोधन आणि उपचार करणारी ही मोठी संस्था आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे, आणि रक्ताच्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, तिथे होतं. शरीरातली पेशी बाहेर काढून काचेत जिवंत ठेवण्याचं तंत्र भारतात ज्यांनी रुजवलं, त्या बाईंचं आयुष्य या संस्थेच्या आधीच्या रूपात गेलं. 8 नोव्हेंबर 2021 ला गुगलवर त्यांचं डूडल होतं. तुम्ही कदाचित त्यावर टॅप करून पुढे गेला असाल.

त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या कमल समर्थ. जन्म पुण्यातला, 8 नोव्हेंबर 1917. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलींनाही मुलांइतकंच शिकवायचं या मताचे होते. शाळा हुजूरपागा. वडिलांची इच्छा साधी होती: पोरीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं. यातलं एकही झालं नाही! कमलताईंनी फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि 1939 मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं. एम.एस्सी. 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींमधली गुणसूत्रं. नवऱ्याला गणित येत होतं, त्यामुळे अभ्यासात त्यांची मदतही झाली.

लग्नानंतर मुंबई. तिथे टाटा मेमोरियल हॉस्पिटलात काम आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली पीएच.डी., ती पूर्ण झाली 1949 मध्ये. खानोलकर भारतातल्या पॅथॉलॉजीचे मोठे गुरू. त्यांनीच पुढे अमेरिकेची फेलोशिप घ्यायला प्रोत्साहन दिलं आणि कमलताई बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

इथे जरा थांबू, कारण खरी टेक्नॉलॉजी इथे आहे.

शरीरातून पेशी काढली की ती मरते. तिला ऊब लागते, साधारण 37 अंश. खायला लागतं. घाण झटकत राहावी लागते. एखादा जंतू शिरला तर रात्रीत सगळं खलास. त्या काळी आजच्यासारखी तयार पोषणद्रवाची बाटली विकत मिळत नव्हती. गे यांच्याकडे कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, वासराच्या गर्भाचा अर्क आणि बाळंतिणींच्या नाळेतलं रक्त वापरून पेशींचं जेवण बनायचं. नळ्या एका सावकाश फिरणाऱ्या पिंपात बसवलेल्या असायच्या, म्हणजे पेशींना आळीपाळीने अन्न आणि हवा मिळे. याच प्रयोगशाळेत 1951 मध्ये ‘हेला’ पेशी अमर झाल्या. त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या होत्या आणि तिला न विचारता घेतलेल्या होत्या. ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आजही टोचते.

कमलताई हे तंत्र शिकून परत आल्या. तिकडे राहता आलं असतं. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली, भारतातली त्या प्रकारची पहिली. मग उंदरांवर वर्षानुवर्षं काम. स्तनाचा कॅन्सर काही उंदरांच्या घराण्यांतच का दिसतो? आनुवंशिकता, संप्रेरकं आणि उंदरांमधला एक विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्या तपासत होत्या. हा विषाणू उंदरीण दुधातून पिलांना देते. (माणसाच्या आईच्या दुधाबद्दल यातून काही भलतं फॉरवर्ड करू नका. बाळाला अंगावर पाजल्याने आईचा स्तनकॅन्सरचा धोका उलट कमी होतो.) रक्ताचा कॅन्सर, अन्ननलिकेचा कॅन्सर, कुष्ठरोगाचा जंतू, या सगळ्यांवर त्यांच्या गटाने काम केलं. 1966 ते 1970 त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं.

आता स्टेम सेल. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात गेलात तर कोपऱ्यात शाडूचा ओला गोळा दिसेल. त्याची सोंड होईल, हात होईल की उंदीरमामा, हे अजून ठरलेलं नाही. स्टेम सेल म्हणजे तो गोळा, फक्त हा गोळा स्वतःच वाढत राहतो. आपल्या हाडांतल्या मगजात अशा पेशी आहेत. त्या रोज लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट बनवतात. पण त्यांच्यापासून रक्तच होतं, मेंदू होत नाही. गर्भाच्या सुरुवातीच्या पेशींपासून जवळपास काहीही होऊ शकतं. माणसाच्या अशा पेशी 1998 मध्ये पहिल्यांदा काचेत वाढवल्या गेल्या. 2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराची पक्की झालेली पेशी पुन्हा ओल्या गोळ्यासारखी करून दाखवली, म्हणजे भाजलेली मूर्ती परत माती व्हावी तसं. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या सगळ्याला आधी पेशी काचेत जगवता यावी लागते, आणि तेच काम कमलताई मुंबईत नळ्या-बाटल्यांमध्ये करत होत्या.

रुग्णाच्या कामाचं काय? ल्युकेमिया, थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारांत स्टेम सेल प्रत्यारोपण हा सिद्ध उपचार आहे. आधी जड औषधांनी रुग्णाचा बिघडलेला मगज रिकामा करतात, मग जुळणाऱ्या दात्याच्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून देतात आणि त्या आपोआप हाडांत जाऊन बसतात. सख्खा भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भारतात हे पहिल्यांदा 1983 मध्ये टाटा मेमोरियललाच झालं.

पण गुडघे, डायबेटिस, ऑटिझम, लकवा सगळं स्टेम सेलने बरं करतो, पॅकेज अमुक लाख, अशी जाहिरात रीलमध्ये आली तर थांबा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ठरावीक आजारांतलं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी वापर फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचा असतो, आणि त्या चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. सीटीआरआयच्या वेबसाइटवर चाचणीची नोंद फोनवरूनच फुकट शोधता येते. जमीन विकायच्या आधी एवढं तरी करा.

कमलताईंना उपचार गावात पोचत नाहीत हे दिसत होतं. म्हणून त्या अहमदनगरच्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत फिरल्या. 1973 मध्ये त्यांनी सहकारी बायकांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. तिचं मुख्यालय वाशीत आहे.

2001 मध्ये त्या गेल्या. 2002 मध्ये त्यांची जुनी संस्था परळहून खारघरला हलली आणि तिचं नाव अ‍ॅक्ट्रेक झालं.